आमच्या सुनेचा सेमिनार

हा लेख आम्ही दोघं नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. एकानं सांगायचं, दुसरीनं लिहायचं आणि जिथे पटणार नाही तिथे थांबून भांडायचं, असं चाललं आहे. म्हणून 'आम्ही' म्हटलं की ते दोघांचं समजावं. आमच्यापैकी एकजण पस्तीस वर्षं मुंबई महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून आतला व्हॉल्व्ह लांब चावीनं फिरवायचा, ठरल्या वेळी एका गल्लीला पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं, हे त्याचं काम. दुसरीनं तेवढीच वर्षं घरात शिलाई मशीनवर शेजारपाजारचे ब्लाउज, कुर्ते आणि शाळेचे गणवेश शिवले. शिक्षण दोघांचंही दहावीच्या अलीकडेच थांबलेलं. राहतो दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत. एक खोली आणि तिच्यावर पोटमाळा. अशा घरात राज्यशास्त्राची पीएच.डी. आली आणि तिच्या पाठोपाठ 'सेमिनार' नावाचं एक प्रकरण आलं. त्याची ही हकीकत.

सून आमच्या घरी आली 2019 साली. माहेर दापोलीकडचं, आमचंही मूळ गाव तिकडचंच. रिश्ता ठरताना तिच्या अब्बांनी देण्याघेण्याची गोष्ट काढली नाही. एवढंच म्हणाले, "पोरीनं एम.ए. केलंय, तिला पुढे शिकायचंय, तेवढं अडवू नका." आम्ही लगेच होकार दिला. मनात मात्र वाटलं होतं, फार तर बी.एड. करील, एखाद्या शाळेत लागेल, संध्याकाळी घरी येईल.

2021 मध्ये तिचं संशोधनासाठी नाव नोंदलं गेलं. विषय विचारला तर म्हणाली, "मुंबईतल्या प्रभाग समित्या आणि नागरी शासनव्यवहार."

"शासनव्यवहार म्हणजे?"

"गव्हर्नन्स."

"म्हणजे कारभार."

ती थोडी थांबली आणि हसली. म्हणाली, "अम्मी, या शब्दावर आमच्याकडे तासतासभर चर्चा होते. सरकार वेगळं आणि गव्हर्नन्स वेगळं. सरकार म्हणजे मंत्री, अधिकारी, कचेरी. गव्हर्नन्स म्हणजे निर्णय कसा होतो, कोण कोण त्यात हात घालतं, पैसा कुठून येतो आणि चुकलं तर कोण जबाब देतं, हे सगळं. 1989 मध्ये जागतिक बँकेनं आफ्रिकेवरच्या एका अहवालात हा शब्द वापरला, तेव्हापासून तो सगळीकडे चालायला लागला." आमचं म्हणणं बदललं नाही. ते सगळं 'कारभार' या शब्दात येतंच. 'अमक्याच्या घरचा कारभार' म्हणतो तेव्हा आपण नुसत्या घरमालकाबद्दल बोलत नसतो. पुढे तिच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'कारभार' हा शब्द आला. तो आमच्यामुळे आला, असं आम्ही धरून चालतो.

प्रभाग समिती हे प्रकरण मात्र तिनंच आम्हाला समजावलं. 74वी घटनादुरुस्ती 1993 च्या जूनपासून लागू झाली. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, असं त्यात आहे. त्या त्या विभागातले नगरसेवक या समितीवर बसतात आणि आपल्या भागातली गटारं, रस्ते, पाणी, कचरा यांचा जाब अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारतात. आमच्यासारख्यांना विभाग माहीत असतो तो अक्षरावरून. टिळक पुलाच्या पूर्वेला एफ, पूल उतरून पश्चिमेला गेलं की जी. पाणी सोडणारा माणूस या अक्षरांत पस्तीस वर्षं जगला, पण समितीच्या बैठकीत कधी डोकावला नव्हता. त्याला वर बोलावलं जायचं ते ओरडा खायलाच.

आता सेमिनारबद्दल. पीएच.डी. म्हणजे एकटीनं खोलीत बसून जाड पुस्तक लिहायचं, असं आम्ही समजत होतो. तसं नसतं. आधी अभ्यासक्रम, त्याची परीक्षा. मग दर सहा महिन्यांनी आपलं काम कुठवर आलं ते समितीपुढे मांडायचं. शेवटी प्रबंध देण्याआधी एक मोठा सेमिनार. त्यात विभागातले सगळे शिक्षक आणि संशोधन करणारी मुलं बसतात आणि कुणीही काहीही विचारू शकतं. वीसएक मिनिटं आपण बोलायचं, मग प्रश्न. प्रश्न म्हणजे कौतुक नव्हे. तुमच्या भिंतीतली कुठली वीट हलते आहे ते शोधून तीच ओढायची, असा प्रकार. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आम्हाला तो चारचौघांत केलेला अपमान वाटला.

ती म्हणाली, "सेमिनार हा शब्द लॅटिनमधला आहे. मूळ अर्थ रोपवाटिका. बी टाकून रोपं उगवतात ती जागा."

"म्हणजे दाढ," चावीवाला म्हणाला. कोकणात भाताचा तरवा जिथे दाट पेरतात तिला दाढ म्हणतात. रोपं वीतभर झाली की ती उपटून चिखलात नव्यानं लावायची. "मग उपटणार तर खरीच."

हे त्या वेळी हसण्यावारी गेलं. उपटण्याची वेळ लवकरच आली.

7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेतल्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नव्हती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. 227 नगरसेवक माजी झाले आणि त्यांच्याबरोबर प्रभाग समित्याही गेल्या. आमच्या सुनेच्या प्रबंधाचा विषय एका रात्रीत नाहीसा झाला. सुरुवातीला ती म्हणायची, सहा महिन्यांत निवडणूक होईल. सगळी मुंबई तसंच म्हणत होती.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी बातमी आली. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद करत असल्याचं केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं. कारण दिलं गेलं की इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे. 2009 पासून मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि पुढे जैन विद्यार्थ्यांना एम.फिल., पीएच.डी.साठी ती मिळत असे. ज्यांना चालू होती त्यांची मुदतीपर्यंत राहिली. आमच्या सुनेनं त्याच भरवशावर नेटची तयारी केली होती. आमचा मुलगा एका कुरिअर कंपनीत आहे, पगार घरात पुरतो एवढाच. फेलोशिप आली असती तर घरभाडं आणि तिची फी दोन्ही निघालं असतं.

आणि 2023 च्या फेब्रुवारीत तिचा तो सहामाही सेमिनार झाला. कुठे झाला ते लिहीत नाही, त्याची गरजही नाही. समितीतल्या एकांनी स्पष्ट सांगितलं, "तुमचा विषय आता उरलेला नाही. जी गोष्ट अस्तित्वात नाही तिचा अभ्यास कसा करणार? बदला." ती घरी आली, बुरखा खुंटीला लावला आणि सरळ पोटमाळ्यावर गेली. जेवायला खाली आली नाही.

त्या रात्री आम्ही जे केलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहायचं ठरवलं आहे. आम्ही दोघांनी मिळून तिला समजावलं. म्हणजे आमच्या भाषेत समजावलं. "बेटा, दोन वर्षं झाली. पैसे येणार नाहीत, विषय राहिला नाही. एखाद्या क्लासमध्ये शिकवायला लाग. घरात पाळणा हलू दे. अल्लानं दुसरी वाट काढली असेल." आवाज मऊ ठेवला होता. तिनं वाद घातला नाही. "जी, अम्मी," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. आम्हाला वाटलं, ऐकलं.

ऐकलं नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "अब्बा, एक सांगू? इथून दहा-पंधरा मिनिटांवर राजगृह आहे ना, हिंदू कॉलनीत?" आम्ही म्हटलं, आहे. बाबासाहेबांचं घर कुणाला माहीत नाही? 6 डिसेंबरला आमच्या गल्लीतूनही लोकांची रांग चैत्यभूमीकडे जाते. आम्ही पाण्याची पिंपं भरून ठेवतो. "बाबासाहेबांची शिष्यवृत्तीही मध्येच संपली होती," ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते आम्ही शेजारी पन्नास वर्षं राहूनही ऐकलं नव्हतं. 1913 मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. 9 मे 1916 रोजी तिथे गोल्डनवायझर नावाच्या प्राध्यापकांच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तोही असाच सगळ्यांसमोर. मग लंडन. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट युद्धात बुडाली. इथे त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. कोलंबियाची पीएच.डी. पदवी हातात पडली ती 1927 मध्ये.

"आणि विषय काय होता माहीत आहे?" ती म्हणाली. "जात नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, 1833 पासून पुढे. आधी सगळा पैसा कलकत्त्याच्या हातात. प्रांतांनी खर्च करायचा, पण कमवायची आणि काटकसरीची जबाबदारी कुणाचीच नाही. मग 1871 पासून ठरावीक रकमा नेमून दिल्या, मग काही उत्पन्नं नेमून दिली, मग वाटून घेतली. 1925 मध्ये पुस्तक निघालं. अब्बा, हा कारभाराचाच अभ्यास आहे. काम एकाच्या गळ्यात आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हेच."

किल्लीचं नाव निघालं आणि चावीवाल्याचे कान टवकारले. पण तेव्हा तो काही बोलला नाही. बोलला महिन्याभरानं, रमजानमध्ये.

झालं असं की आमच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या घरून दिवाळीला फराळ येतो आणि आमच्याकडून ईदेला शीरखुर्मा जातो, त्या एका संध्याकाळी इफ्तारच्या जरा आधी सुनेकडे आल्या. त्यांच्या बहिणीच्या चाळीमागचं गटार तीन आठवडे तुंबलं होतं. चाळ कुठल्या विभागात ते सोडून देऊ. "आधी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचो. आता तो म्हणतो मी माजी आहे. कचेरीत गेलं तर म्हणतात ऑनलाइन टाका. टाकलं, नंबर आला, गटार तसंच. तू कारभाराचं शिकतेस ना? मग सांग, धरायचं कुणाला?"

सुनेनं अर्ज लिहून दिला. काकू गेल्या. खजूर तोंडात टाकता टाकता चावीवाला म्हणाला, "तुझी समिती बंद झाली, तेव्हा पाणी बंद झालं का?"

"नाही."

"चावी रोज फिरतेच आहे. मग ती कुणाच्या सांगण्यावरून फिरते? आधी कुणाच्या सांगण्यावरून फिरायची? ते लिही ना. समिती नाही, हाच तुझा विषय."

आम्हाला वाटलं, ती हसेल. ती उठून पोटमाळ्यावर गेली आणि एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. मायकल लिप्स्की नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं, 1980 मधलं. त्यात म्हणे हेच आहे. पोलीस, शिक्षक, कचेरीतला कारकून, असे जे लोकांच्या थेट समोर असतात, ते रोज जे लहानसहान निर्णय घेतात तेच लोकांसाठी खरं धोरण असतं. वर कागदावर काहीही लिहिलेलं असो. आमच्यातला एकजण 1982 मध्ये नोकरीला लागला. म्हणजे तो चावी हातात घेण्याच्या आधीच कुणीतरी त्याच्यावर पुस्तक लिहून ठेवलं होतं. त्या रात्री तराबीहहून येताना तो शेजाऱ्यांना हेच सांगत आला.

सेमिनारची तालीम घरात होऊ लागली ती तेव्हापासून. मगरीब आणि इशाच्या मध्ये, शिलाई मशीनवर पांढरं कापड टाकून त्यावर लॅपटॉप. समोर आम्ही दोघं, आमचा मुलगा, काकू, कधी काकूंची नात. ती वीस मिनिटं बोलायची आणि मग आम्ही विचारायचं. पहिल्या दिवशी कुणी काही विचारेना. आपल्याकडे मोठ्यांनी विचारलं की ते रागावणं असतं आणि लहानांनी विचारलं की ते उलट बोलणं असतं. नुसतं विचारणं आपल्याला येतच नाही. काकूंनी सुरुवात केली: "तू म्हणतेस माजी नगरसेवकाकडे लोक अजून जातात. का जातात? त्याच्या हातात आता काय आहे?" सुनेनं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. तिच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे ते शोधायला ती सहा महिने फिरली.

विद्यापीठाला तो बदललेला विषय पटला. शीर्षकात चार शब्द वाढले एवढंच. आमच्या घरात मात्र एक नवा तंटा उभा राहिला. आमच्यातल्या चावीवाल्यानं दोन रात्री बसून पस्तीस वर्षांच्या आठवणी तिला सांगितल्या. कुठल्या सालात कुणाच्या फोनवरून कुणाचं पाणी दहा मिनिटं जास्त चाललं, सगळं. तिनं रीतसर संमतीपत्र आणलं आणि सासऱ्याची सही घेतली. मग मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं की घरच्या माणसाची मुलाखत पुरावा म्हणून धरता येणार नाही. सगळी पानं बाजूला. चावीवाला दोन दिवस तोंड फुगवून होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच तिला घेऊन आपल्या निवृत्त सोबत्यांकडे गेला. एक सायनला, एक भांडुपला, एक पार बदलापूरला. ते बोलले आणि त्यांची नावं गाळून त्यांचं म्हणणं प्रबंधात आलं. आमच्या माणसाच्या वाट्याला आभाराच्या पानावरची एक ओळ आली आहे.

नातेवाइकांचा एक प्रश्न या सगळ्या काळात कायम होता. खरं तर दुसऱ्या एका सेमिनारमध्ये तिच्या बरोबरीच्या एका मुलानंही तो विचारला: तू मुसलमान, मग मुसलमानांवर का नाही लिहीत? आमच्या समाजाच्या राजकारणावर लिहिणारे मोठे अभ्यासक महाराष्ट्रात होऊन गेले. औरंगाबादला मोईन शाकीर होते, सोलापूरला फकरुद्दीन बेन्नूर होते. दोघंही राज्यशास्त्र शिकवायचे. तिच्या फळीवर दोघांची पुस्तकं आहेत. तिचं उत्तर असं होतं: "गटार सगळ्यांचंच तुंबतं. आधी उपसतात कुणाचं, हे मी शोधते आहे. त्यात आपणही येतोच."

एकदा प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराजवळून चालत येताना तिनं विचारलं, "अम्मी, हा सयानी रोड कुणाच्या नावाचा?" चाळीस वर्षं त्या रस्त्यानं कापड आणायला जात होतो, कधी विचार केला नव्हता. रहिमतुल्ला सयानी, 1888 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते आणि 1896 मध्ये काँग्रेसचे. त्यांच्याही आधी 1873 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी महापालिकेवर निवडून आले. आणि त्याच्याही आधी? 1865 पासून शहर एका आयुक्ताच्या हातात होतं, आर्थर क्रॉफर्ड नावाच्या. माणूस कामाचा होता, पण खर्चाला धरबंध नव्हता आणि विचारणारं कुणी नव्हतं. करदाते चिडले, सभा झाल्या आणि 1872 च्या कायद्यानं 64 सभासदांची महापालिका आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. हे सगळं तिनं प्रभादेवी ते दादर स्टेशन एवढ्या अंतरात, फूलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत सांगितलं. झेंडूच्या टोपल्या चुकवताना आमचं अर्धं ऐकायचं राहिलं, ते घरी येऊन पुन्हा विचारलं.

2024 मध्ये नातू झाला. त्यासाठी नियमात 240 दिवसांपर्यंत रजा आहे, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. पीएच.डी.ला एरवी सहा वर्षं. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. ज्या घरांत मुलगी किंवा सून 'आता बाळ झालं, राहू दे' म्हणून थांबली असेल त्यांनी हे मुद्दाम चौकशी करून घ्यावं. आम्ही स्वतः एकदा 'राहू दे' म्हटलेली माणसं आहोत, म्हणून सांगतो.

शेवटचा मोठा सेमिनार 2025 च्या डिसेंबरात झाला. ती म्हणाली, "तुम्ही या, सगळ्यांसाठी खुला असतो." आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. पण नातू दीड वर्षाचा, तो आत राहीना. मग आम्ही पाळी लावली. एकानं आत बसायचं, दुसरीनं व्हरांड्यात नातवाला फिरवायचं, वीस मिनिटांनी बदल. त्यामुळे हा सेमिनार आम्ही दोघांनी मिळून पाहिला आणि घरी येऊन अर्धा-अर्धा जोडला.

पहिल्या अर्ध्यात एका वयस्क सरांनी विचारलं, "जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते. पाणी आलं, कचरा उचलला गेला, रस्ते झाले. मग निवडून आलेल्यांची गरजच काय, असं तुमचं संशोधन म्हणतं का?" सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "सर, काम चालू राहिलं हे मीही लिहिलंय. पण बंद पडलेलं काम पुन्हा चालू व्हायला कुणाला फोन करायचा, हे ज्यांना माहीत होतं त्यांचंच आधी चालू झालं. ज्यांना माहीत नव्हतं ते माजी नगरसेवकाकडे जात राहिले. त्याच्या हातात अधिकार नव्हता, पण फोन नंबर होते. अधिकारातून जाणारी वाट बंद झाली तेव्हा ओळखीतून जाणारी वाट रुंद झाली, असं मला दिसलं." काकूंनी रमजानमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. काकू तिथे नव्हत्या. त्यांना आम्ही घरी येऊन ते सांगितलं.

दुसऱ्या अर्ध्यात एक बाईंनी विचारलं की हे फक्त मुंबईत झालं की पुणे, नागपूर, जिथे जिथे प्रशासक होते तिथेही? सून म्हणाली, "मॅडम, ते मी तपासलेलं नाही. माझ्या सामग्रीवरून सांगता येणार नाही." आत बसलेल्या चावीवाल्याच्या पोटात गोळा आला. संपलं, असं त्याला वाटलं. इतक्या लोकांसमोर 'माहीत नाही'? बाहेर येऊन त्यानं व्हरांड्यात हळूच सांगितलंही, "शेवटी अडकली गं." नातू बिस्किट खात होता.

घरी परतताना लोकलमध्ये तिला विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, तेच तर सगळ्यात चांगलं झालं. ओढूनताणून काही सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच फाडलं असतं. मॅडमनी नंतर पाठीवर हात ठेवला." दादर येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. 2023 च्या त्या फेब्रुवारीत आम्हालाही काही माहीत नव्हतं. फेलोशिपचं, विषयाचं, तिच्या हिमतीचं. तरी आम्ही किती ठामपणे बोललो होतो.

15 जानेवारी 2026 रोजी महापालिकेचं मतदान झालं. सकाळी आठच्या आत आम्ही चौघं रांगेत होतो. काकू आमच्याही पुढे. परत आल्यावर सून शाई लागलेलं बोट बघत म्हणाली, "आता शेवटच्या प्रकरणाला पुरवणी लिहावी लागणार. समित्या पुन्हा बसल्या की एकदा जाऊन बघते, माजी साहेबांचे फोन कमी होतात का ते."

प्रबंध अजून द्यायचा आहे. तळटिपा तपासायचं काम चालू आहे, ते तिचं तिलाच करावं लागतं. लग्नसराई आली, शिवणाचे कपडे साठलेत. म्हणून सकाळी मशीन आमच्याकडे आणि दुपारी नातू झोपला की त्यावर पांढरं कापड टाकून तिच्याकडे, असं सध्या ठरलं आहे. काकूंच्या बहिणीचं गटार गेल्या पावसाळ्यात पुन्हा तुंबलं होतं. त्या वेळी अर्ज काकूंनीच लिहिला आणि सुनेला फक्त वाचून दाखवला.